सगळ्यांचं मीठ

इकोंजेच्या तळ्यावरून,
शुक्रवार

प्रिय सिफू,

तुझ्या घराचे पत्रे मला इथून दिसतात, दोरीवर वाळत घातलेले बाळाचे कपडे दिसतात, आणि मी तुला पत्र लिहितोय. हसशील. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या लेकीला पत्र लिहिणारा बाप सगळ्या पारे डोंगरांत मी एकटाच असेन. पण हाक मारली तर तुला काय ते उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागेल, आणि मला तुझं घाईचं उत्तर नको आहे. शिवाय हाक सगळ्या गावाला ऐकू जाते. आणि या गावाला पाण्याखालोखाल कशाची आवड असेल तर ती दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींची, हे तुला मी सांगायला नको.

माझं बरं चाललंय. गुडघा धरतो, पण तो तर तुझ्या लग्नातही धरला होता. वुलीचा आखूड पाऊस अजून नाही, ओढा बारीक झालाय, तरी तळं सकाळपर्यंत निम्म्याच्या वर येतं. मी रोज सूर्य डोंगरावर आला की बूच काढतो, त्याभोवतीचं केळीचं सोपट बदलतो आणि दिवस मावळताना परत ठोकतो. मधल्या वेळात माझ्याशी बोलायला माणसं येतात, नाही असं नाही. पण येतो तो पाण्याचंच बोलतो. तब्येत कशी आहे म्हणून विचारणाऱ्याची नजरसुद्धा बुचावर असते. मी बरा आहे म्हणेपर्यंत तो खाली वाकून पाटाला पाणी किती ते बघून घेतो. मग मी जेवण करतो. मकांडे मला अजून जमत नाहीत. मका शिजतो तेव्हा घेवड्याचा लगदा झालेला असतो. खारट झालं तर नावं ठेवायला कुणी नाही आणि चांगलं झालं तर वाढायला कुणी नाही. सिफू, एकट्यानं जेवण्याइतकं वाईट दुसरं काही नसतं. उपास त्याहून बरा.

तुझी आई गेली त्यानंतरचं वर्ष मी खाली कितेटेत कसं काढलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू इकडे वर सासरी होतीस, तुझा संसार नवा होता. घायपाताच्या मळ्यांवरून वारा यायचा आणि दारावरची गोरखचिंच अख्खी दुपार करकरत राहायची. मी शेळ्यांशी बोलायला लागलो होतो. शेजारचा ओम्बेनी एकदा कुंपणापाशी येऊन बराच वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, शेळीला अक्कल शिकवतोयस ते ठीक आहे, पण ती उत्तर द्यायला लागली की मला बोलाव. चेष्टा केली खरी, पण त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी येऊन बसायला लागला. आणि त्यानंच पुढं पाटकरी म्हणून माझं नाव सुचवलं.

तळ्याचं भांडण तुझ्या डोळ्यांदेखतचं आहे. तरी लिहितो, कारण तू ते वरून पाहिलंस आणि मी खालून. तळं इकोंजेचं, बूच इकोंजेच्या हातात, आणि उरेल ते आमचं. आमच्या आजोबांच्या काळी पुष्कळ उरायचं, कारण वर सगळी केळीची बाग होती आणि केळ आपल्याच सावलीत, थोड्या पाण्यात भागवून घेते. मग आल्याला भाव आला. वर ट्रक यायला लागले, एकेकानं केळी तोडून आलं लावलं, आणि खाली आमच्या पाटात बेडकं वाळायला लागली. आमची पोरं रागाने वर चढायची, बूच फोडायची. एकदा कोयते निघाले आणि ओम्बेनीच्या भावाचा उजवा हात कायमचा निकामी झाला. तेव्हा कुठे दोन्ही गावं मधल्या वडापाशी येऊन बसली. तिथे वरचा प्रत्येक जण म्हणत होता की खालचे चोर, आणि खालचा प्रत्येक जण म्हणत होता की वरचे दरोडेखोर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. शेवटी तुमच्या गावच्या म्हाताऱ्या सेंकोरोंनी एक शहाणपणाची गोष्ट काढली. ज्याचं शेत सगळ्यात शेवटी, त्याच्याच हाती बूच द्या. सगळ्यांच्या पाळ्या झाल्याशिवाय त्याची येत नाही, म्हणून त्याला आधीच्या सगळ्यांचं भिजू द्यावंच लागेल. मधेच कुणाचं तोडून त्याचा फायदा नाही. कितेटेच्या पाटाचं अगदी टोकाचं शेत कुणाचं? माझं.

आता यातली गंमत ऐक. खालच्यांनी मला होकार दिला, कारण ते म्हणाले हा इतका हट्टी आहे की पोटच्या लेकीलाही पाळीबाहेर पाणी देणार नाही. आणि वरच्यांनी मला होकार दिला, कारण त्यांच्या मनात होतं की याची लेक आपल्या गावात आहे, म्हणजे कधी ना कधी हा इकडे झुकणार. दोन्ही गावं एकाच माणसाला एकाच दिवशी आपापल्या मतलबासाठी हो म्हणाली आणि त्याला एकी म्हणून टाळ्या वाजवल्या. आणि मी? मीही त्यांच्यातलाच. मला पाण्याचं काही पडलेलं नव्हतं. पाटकऱ्याची झोपडी तुझ्या केळीच्या बागेला लागून आहे, एवढंच मी ऐकलं. म्हटलं, संध्याकाळी काम आटोपून लेकीच्या ओसरीवर जाऊन बसावं, झाकायो जावयाबरोबर उसाच्या दारूचा भोपळा फिरवावा, नातवंडं होतील ती मांडीवर घ्यावीत. मी हो म्हणून बसलो. आणि मग ओम्बेनी उठला. त्याला भावाचा हात दिसत होता, मी त्याला दोष देत नाही. तो म्हणाला, खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. म्हणून पाटकऱ्यानं दोन्ही गावांत कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, कुणाकडे घास खायचा नाही, घोट प्यायचा नाही, लेक असली तरी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा होकार तर आधीच तोंडातून गेलेला.

झाकायोनं तुला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तू रडलीस, असं मला पुढं कळलं. मी झोपडीत सामान लावत होतो. म्हटलं, नियम नवा आहे, चार महिन्यांत सैल पडेल. पण मीच तो सैल पडू दिला नाही, कारण पहिल्याच हंगामात तो लागू पडला. माझ्या शेतापर्यंत, पाटाच्या अगदी टोकाला पाणी पोचलं. कितेटेत लोक ते बघायला गोळा झाले. कोयते माळ्यावर गेले. जिल्ह्याची माणसं तळं बघून गेली, माझा फोटो काढला, त्यात माझ्यापेक्षा बूच जास्त आलंय. मला अभिमान वाटला, खोटं का सांगू. पण तो कुणाला सांगायला जाणार? अभिमानालाही ऐकणारं माणूस लागतं.

मग तुझ्या आल्याच्या वाफ्यांचं झालं. तू पोटुशी होतीस, झाकायो बाजाराला गेलेला, पाळीला चार दिवस होते आणि वाफे माना टाकत होते. तू तळ्यावर आलीस. भोवती पाळीची माणसं उभी होती. तू म्हणालीस, "बाबा, एकच वाफा भिजवते, फार नाही मागत." आणि मी म्हणालो, "पाळीला ये." तू कुदळ खांद्यावर टाकून बागेतून निघून गेलीस. वाफ्यातलं आलं वाळून गेलं ते गेलंच. मी चुकलो असं लिहायला बसलेलो नाही, सिफू. आज तशीच आलीस तरी मी तेच सांगेन, कारण त्या माणसांपैकी प्रत्येकाच्या घरी माना टाकलेला एकेक वाफा होता. पण बरोबर वागलं की बरं वाटतं असं जे लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. मला बरं वाटलेलं नाही. त्या दिवसापासून वाटेत भेटलीस की तू मला शिकामू म्हणतेस, कुणाही म्हाताऱ्याला म्हणावं तसं, आणि मी माराहाबा म्हणतो. तेवढंच आपलं बोलणं. फोन केला तर तू उचलत नाहीस.

तुला मुलगी झाली हे मला पाण्याची पाळी विचारायला आलेल्या बाईनं सांगितलं. तिचं नाव तू नाएली ठेवलंस, तुझ्या आईचं, हे आणखी दोन दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, तेही बोलता बोलता. मी त्याला पुन्हा विचारलं, काय नाव म्हणालास? तो म्हणाला, नाएली, पण म्हातारबा, माझ्या पाळीचं काय? मी त्याला पाणी सोडलं आणि झोपडीत जाऊन बसलो. नात आता चालते. पिवळा झगा घातला की बागेत कुठे आहे ते मला दिसतं, हिरवा घातला की सापडत नाही.

आता यंदाची बातमी. तुला अर्धी माहीत असेलच, पण झाकायो बोलायला कंजूष आहे. नियम चोख चालला होता आणि तळं मात्र मरत होतं. पूर्वी म्सारागांबोचं, गावकामाचं शिंग संध्याकाळी वाजलं की दुसऱ्या सकाळी घरटी एक माणूस गाळ काढायला हजर असायचा, कुणी आलं नाही तर त्याची कोंबडी धरून आणायचे आणि तिथेच शिजवायचे. भांडायचे, पण एकाच चिखलात उभे राहून भांडायचे. मी आलो आणि हळूहळू माणसं कमी झाली. वरचे म्हणायला लागले, बूच खालच्याच्या हातात, मग गाळही खालच्यांनीच काढावा. खालचे म्हणाले, तळं वर आहे, एवढं चढून कोण जातो, आणि पाटकरी आहे ना तिथे. ज्याला त्याला पाळी ठरल्या वेळी मिळत होती, मग दुसऱ्याचं तोंड बघायची गरजच काय? वाटणी चोख होत गेली आणि वाटायचं पाणी कमी कमी होत गेलं. गाळ माझ्या मांडीपर्यंत आला तेव्हा मी शिंग वाजवलं. दम लागेपर्यंत वाजवलं. तू ऐकलं असशील.

सकाळी एक माणूस आलं. बिबी एलिडा, तुमच्या पलीकडची म्हातारी, जिची सगळी मालमत्ता म्हणजे केळीचे सात-आठ खुंट. घमेलं घेऊन आली, आणि काठावर बसली. मी म्हटलं, आज्जीबाई, बाकीचे कुठे आहेत? ती म्हणाली, "पोरा, तू कुणाकडे जेवत नाहीस, कुणाच्या मयतीला बसत नाहीस, कुणाच्या बारशाला येत नाहीस. तू कुणाचाच नाहीस. मग तुझ्या शिंगाला ओ कोण देणार?" आणि घमेलं भरायला लागली. मला राग आला. साठी उलटलेल्याला पोरा म्हणाली म्हणून नव्हे, तर मी इतकी वर्षं स्वतःशीच जे बोलायला घाबरत होतो ते तिनं सहज बोलून टाकलं म्हणून.

मी बूच ठोकलं, पाळी बंद केली आणि दोन्ही गावांना निरोप पाठवला की वडापाशी येईपर्यंत कुणालाच पाणी नाही. तेव्हा बरे सगळे आले. सकाळभर शिव्या झाल्या, त्यात मला पडल्या त्या सगळ्यांत जास्त, त्या दिवशी मात्र दोन्ही गावांचं एकमत होतं. मी म्हटलं, मला हे काम सोडायचंय, किंवा नियम बदला. पाटकऱ्यानं घरोघर पाळीनं जेवावं. ओम्बेनी ताडकन उठला आणि त्यानं पुन्हा तेच काढलं, खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. मागून बिबी एलिडा म्हणाली, "मग सगळ्यांचं खाऊ दे की त्याला." ओम्बेनी उभाच राहिला. ती म्हणाली, एकाचं खाल्लं तर तो एकाला जागेल; वरच्यांचं खाल्लं, खालच्यांचं खाल्लं, माझं खाल्लं, तुझं खाल्लं, तर कुणाच्या बाजूनं वाकडं वागेल? ओम्बेनी हळूच खाली बसला. कितेटेतला कुणीतरी म्हणाला, पण बिबी, तुझं खाऊन तो जगला तर पाहिजे, आणि बऱ्याच दिवसांनी दोन्ही गावं एकदम हसली.

एक गाठ सुटली की पुढच्या सुटत जातात. सेंकोरोंनीच दुसरं सुचवलं. यापुढं वरच्यांनी खालचा पाट साफ करायचा आणि खालच्यांनी वरचं तळं उपसायचं, आणि ज्यानं दुसऱ्याचं काम टाळलं त्याची स्वतःची पाळी मागे. स्वार्थ काही माणसाच्या अंगातून जात नाही, सेंकोरो म्हणाले, पण तो दुसऱ्याच्या दावणीला बांधता येतो. बुधवारी तुमची माणसं पहिल्यांदा आमच्याकडे उतरली. कितेटेच्या बायकांनी त्यांची चांगलीच फिरकी घेतली. वरचे जावई आलेत, पण पाय धुवायला पाणी कुठलं, ते तर यांनीच अडवलंय, अशी जी सुरुवात झाली ती संध्याकाळपर्यंत चालली. झाकायो माझ्या शेताच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं ते पाहिलेलं नव्हतं. चुरगळलेली मक्याची पानं हातात धरून म्हणाला, इथं पाणी पोचतं तरी कसं? मी म्हटलं, तुझ्या बायकोला पाळीला ये म्हटलं होतं ना, तसं. त्यानं पानं सोडली. नंतर माझ्या शेजारी येऊन त्यानं पाटाचा अर्धा गाळ उपसला आणि निघताना मला त्याच्या तंबाखूतला तंबाखू दिला. मी घेतला. जुन्या नियमात बसत नव्हता, पण घेतला.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. काल जेवणाची पाळी ठरवायला बसलो. तळ्याजवळच्या घरापासून सुरुवात, म्हणजे सोमवारी पहिलं घर तुझं. सेंकोरो तुझं नाव घेऊन माझ्याकडे बघून हसले, सगळेच हसले, त्यांना वाटलं आपण म्हाताऱ्यावर मोठा उपकार करतोय. आणि मी म्हटलं, ते घर वगळा. कुणाला काही कळेना. ओम्बेनी म्हणाला, अरे, त्या घरासाठी तू झुरलास, आणि आता दार उघडतंय तर नको म्हणतोस? झाकायोनं मान खाली घातली. मी त्यांना कारण सांगितलं नाही, ते फक्त तुला सांगायचं आहे. बाकीची घरं मला जेवायला घालतील कारण त्यांना पाणी हवंय आणि नियम झालाय, आणि मी त्यांच्याकडे आनंदानं जेवीन, गप्पा मारीन, मयतीला बसेन. ते ठीक आहे, ते तसंच असायला हवं. पण तुझ्या हातचं ताट मला पाळीनं आलेलं नको. तुझ्याकडे मला पाटकरी म्हणून बसायचं नाही. गावानं बनवलेल्या एका नियमानं मला तुझ्या दाराबाहेर ठेवलं, म्हणून दुसऱ्या नियमाच्या जोरावर मी आत शिरणार नाही. तुला कुणी बांधलेलं नाही, सिफू. बोलावलं नाहीस तर तुझ्या पाण्यातला थेंब कमी होणार नाही आणि गावात एक अक्षर निघणार नाही, तेवढं मी बघून घेईन. मंगळवारी मी बिबी एलिडाकडे आहे, तिथून पाळी सुरू. सोमवार पाळीत रिकामा राहिलाय. तो दुसऱ्या कुणाला द्यायचा का, असं सेंकोरो विचारत होते. मी म्हटलं, राहू दे. सोमवारी मी चूल पेटवणार नाही.

तुझाच,
बाबा